क्रीडांगणावरचे मास्तर : सय्यद अब्दुल रहीम



वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेत संत, साहित्यिक, समाजसुधारक आणि स्वातंत्र्यसैनिक यांच्याबरोबर एका फुटबॉल-मार्गदर्शकाचे नाव यावे, याचे काहींना नवल वाटेल. बीदर आणि कलबुर्गी या सीमाभागात कुस्तीला मान आहे, हुतुतूला मान आहे. फुटबॉलचे नाव येथे फारसे निघत नाही. तरीही सय्यद अब्दुल रहीम यांचे चरित्र या भूमीला परके नाही. ज्या हैदराबाद संस्थानात हे दोन्ही जिल्हे 1948 पर्यंत होते, आणि ज्या हैदराबाद राज्यात ते 1956 पर्यंत राहिले, त्याच संस्थानाच्या राजधानीत हा शिक्षक घडला. ज्या उस्मानिया विद्यापीठाच्या छत्राखाली गुलबर्ग्याचे इंटरमिजिएट महाविद्यालय चालत होते, त्याच विद्यापीठाच्या मैदानावर तो खेळला. आणि त्याच्या पुत्राने, ज्याने पित्याचाच मार्ग पत्करला, 22 ऑगस्ट 2021 रोजी कलबुर्गीच्या एका रुग्णालयात अखेरचा श्वास घेतला.

रहीम यांचा जन्म हैदराबाद येथे 1909 साली झाला. उस्मानिया विद्यापीठाची स्थापना 1918 ची. उच्च शिक्षण उर्दू माध्यमातून देण्याचा तो एक मोठा प्रयोग होता. मराठवाडा, कर्नाटक आणि तेलंगण या तिन्ही विभागांतील होतकरू तरुणांना पदवीसाठी संस्थानात दुसरी वाट जवळजवळ नव्हतीच. येथील जुन्या पिढीतील अनेक मराठी गृहस्थांची कागदपत्रे उर्दूत, घरातली बोली मराठी आणि बाजारातली कानडी, असा त्रिवेणी संगम दिसे, त्याचे मूळ या शिक्षणव्यवस्थेत आहे. 1938 साली ‘वंदे मातरम्’च्या प्रकरणावरून याच विद्यापीठातून शेकडो विद्यार्थ्यांना बाहेर पडावे लागले आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला, हा इतिहास येथील वाचकांना परिचित आहे.

या विद्यापीठाच्या फुटबॉल संघात रहीम खेळले. विद्यापीठाचे आजी-माजी विद्यार्थी मिळून बनलेल्या ‘इलेव्हन हंटर्स’ या संघातूनही ते खेळत. खेळाडू म्हणून ते चांगले होते. परंतु देशभर गाजावे अशी काही त्यांची ख्याती नव्हती. बी. ए. झाल्यावर त्यांनी शाळामास्तरकी पत्करली. काचीगुडा, चादरघाट अशा शहरातील निरनिराळ्या शाळांतून त्यांनी अध्यापन केले आणि पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका मिळवून शाळेतील खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. रहीम यांच्या पुढील सर्व कर्तृत्वाचे रहस्य या मास्तरकीत आहे. वर्गातील चाळीस मुलांपैकी कोण कशात कच्चा आहे हे ओळखणे आणि त्या कच्चेपणावर नेमका धडा योजणे, ही शिक्षकाची विद्या त्यांनी क्रीडांगणावर नेली.

1940 नंतरच्या दशकात हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले आणि ते त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. 1950 च्या सुमारास हैदराबाद सिटी पोलीस या संघाचे मार्गदर्शनही त्यांच्याकडे आले. त्या काळी मोठे क्लब होते ते कलकत्त्यात. प्रेक्षकांची अलोट गर्दी तेथे, वर्तमानपत्रांची पानेही तेथलीच. हैदराबादचे खेळाडू बहुधा साध्या घरांतील, अंगापिंडाने बेताचे. धक्काबुक्कीच्या खेळात ते टिकणे कठीण. रहीम यांनी या उणिवेकडे डोळसपणे पाहिले. चेंडू पायाशी खेळवीत बसण्यापेक्षा तो एका किंवा दोन स्पर्शांत सोबत्याकडे द्यावा, जमिनीलगत द्यावा आणि लगेच मोकळ्या जागी धावावे, हा त्यांच्या शिकवणीचा पाया होता. अंगाने धिप्पाड प्रतिस्पर्धी जवळ येईपर्यंत चेंडू तेथे राहूच नये, म्हणजे त्याच्या बळाचा उपयोग उरत नाही.

ही गोष्ट सांगण्यास सोपी आहे. मुलांच्या अंगी ती मुरवावी कशी, हा खरा प्रश्न. येथे मास्तर रहीम पुढे सरसावले. त्यांनी हैदराबादेत अशा स्पर्धा भरविल्या की, ज्यांत चेंडू पायाशी घोळवून पुढे नेण्यास मज्जाव असे. तो ताबडतोब दिलाच पाहिजे. काही स्पर्धांत खेळाडूने आपल्या दुबळ्या पायानेच खेळावे असा नियम असे. उजव्या पायाच्या मुलाने डाव्याने आणि डाव्याने उजव्याने. अल्पवयीन मुलांसाठी वेगळ्या स्पर्धा असत. विद्यार्थ्याला नावडता विषय टाळता येऊ नये म्हणून प्रश्नपत्रिकेत तोच प्रश्न सक्तीचा करणाऱ्या परीक्षकाची ही युक्ती आहे. अशा स्पर्धांतून तयार झालेली मुले पुढे सिटी पोलीस संघात आणि राष्ट्रीय संघात गेली, तेव्हा त्यांना वेगळे धडे द्यावे लागले नाहीत.

फळ लवकरच दिसले. मुंबईच्या कूपरेज मैदानावर होणारा रोव्हर्स चषक हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे जिंकला. दिल्लीच्या ड्युरंड स्पर्धेतही त्याने विजय मिळविले. 1950 च्या स्पर्धेत कलकत्त्याच्या बलाढ्य मोहन बागानला त्याने नमविले. कूपरेजवर त्या काळी सामने पाहिलेल्या मुंबईकर मराठी रसिकांच्या तोंडी नूर महंमद, अझीझुद्दीन, लईक, मोईन ही नावे क्रिकेटपटूंच्या नावांइतकीच सहज असत.

या विजयांचा काळ नीट ध्यानात घेतला पाहिजे. 1948 च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यापूर्वी रझाकारांच्या जुलमाने या सीमाभागातील गावेच्या गावे होरपळली होती. त्यानंतर जे घडले त्यातही निरपराध माणसांचा बळी गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ज्या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचल्याचे नमूद केले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांच्याबरोबर गुलबर्गा आणि बीदर यांचीही नावे आहेत. माणसांची मने विटलेली, शेजाऱ्याचा शेजाऱ्यावर विश्वास उरलेला नाही, अशा त्या दिवसांत हैदराबादचा एक मुसलमान शिक्षक स्वतंत्र भारताच्या राष्ट्रीय संघाचा मार्गदर्शक झाला. आणि 1951 च्या मार्च महिन्यात दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्याच्या संघाने सुवर्णपदक मिळविले. अंतिम सामन्यात इराणविरुद्ध मेवालाल यांनी केलेल्या एकमेव गोलावर हा विजय लाभला. संघनायक होते बंगालचे शैलेन मन्ना. संस्थान विलीन होऊन पुरती तीन वर्षेही झाली नव्हती. भाषणांनी आणि ठरावांनी जे साधायला वेळ लागतो, ते एका संघाच्या रोजच्या सरावाने किती स्वाभाविकपणे साधते, याचे हे उदाहरण आहे.

पुढच्याच वर्षी मात्र मोठा धक्का बसला. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा 10-1 असा पराभव केला. थंडीत, ओलसर मैदानावर आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. अनवाणी खेळण्याचा आपल्याकडे अभिमान होता. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याचे कौतुकही झाले होते. हेलसिंकीने त्या अभिमानाची किंमत दाखवून दिली आणि त्यानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. शिक्षकाची परीक्षा विद्यार्थी नापास झाल्यावर होते. रहीम यांनी खचून न जाता अभ्यास सुरू केला. 1953 च्या नोव्हेंबरात हंगेरीने लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडला 6-3 असे हरवून जगाला चकित केले. त्या संघाने आपला मध्य-आघाडीचा खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलापाशी उभा न करता मुद्दाम मागे खेळविला होता. त्याच्यावर नजर ठेवणारा बचावपटू त्याच्यामागे गेला तर गोलासमोर खिंडार पडे, न गेला तर त्या खेळाडूला मोकळे रान मिळे. रहीम यांनी हे तत्त्व उचलले आणि आपल्या मुलांच्या छोट्या, झटपट चेंडू देण्याच्या सवयीशी त्याची सांगड घातली. पुढे चार बचावपटू, दोन मधले आणि चार आघाडीचे अशी रचना त्यांनी भारतीय संघात रुजविली. ब्राझीलने 1958 च्या विश्वचषकात हीच रचना जगन्मान्य केली. हैदराबादचा हा मास्तर काळाच्या मागे नव्हता.

1956 साल या सीमाभागाच्या इतिहासात कायमचे कोरले गेले आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, तेलंगण आंध्र प्रदेशात आणि गुलबर्गा, रायचूर, बीदर म्हैसूर राज्यात गेले. बीदर जिल्ह्याचे तर तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर एका राज्यात, भालकी, हुमनाबाद, औराद दुसऱ्या राज्यात आणि जहीराबाद, नारायणखेड तिसऱ्या राज्यात पडले. मराठी भाषकांच्या मनातील ती सल अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या जागती राहिली. योगायोग असा की, त्यानंतर बरोबर एका महिन्याने, 1 डिसेंबर 1956 रोजी, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रहीम यांच्या संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरविले. मुंबईच्या टाटा स्पोर्ट्सचा खेळाडू नेव्हिल डिसूझा याने त्या सामन्यात तीन गोल केले. ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा आशियातील तो पहिला फुटबॉल संघ. उपांत्य सामन्यात पहिला गोलही डिसूझानेच केला. पण युगोस्लाव्हियाने अखेर 4-1 अशी बाजी मारली, आणि तिसऱ्या स्थानासाठीच्या सामन्यात बल्गेरियाकडून हार पत्करावी लागली. चौथे स्थान मिळाले. ऑलिंपिक फुटबॉलमधील भारताची ती आजवरची सर्वोच्च कामगिरी आहे.

त्या संघात अझीझुद्दीन, नूर महंमद, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन, पीटर थंगराज, तुळशीदास बलराम असे हैदराबाद-सिकंदराबादच्या मातीत वाढलेले खेळाडू होते. राज्य नकाशावरून पुसले गेले; परंतु हैदराबादच्या नावाने खेळणारा संघ टिकला. रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने 1956-57 आणि 1957-58 अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपदाचा संतोष चषक जिंकला. पुढे तो संघही आंध्रच्या नावात मिसळून गेला.

रहीम यांच्या शिस्तीचा खरा कस 1960 साली लागला. रोम ऑलिंपिकसाठी निवडलेल्या संघात त्यांचा स्वतःचा पुत्र सय्यद शाहिद हकीम होता. हकीम 1939 साली जन्मला. मधल्या फळीत खेळणारा, हुशार खेळाडू. रोममध्ये भारताने हंगेरीला चुरशीची झुंज देऊन 2-1 अशी हार पत्करली, फ्रान्सशी 1-1 अशी बरोबरी केली आणि पेरूकडून 3-1 असा पराभव सोसला. तिन्ही सामन्यांत हकीम बाहेर बसून होता. 1962 च्या आशियाई स्पर्धांच्या संघातही त्याला थोडक्यात जागा हुकली. आपला मुलगा म्हणून त्याला एक सामना द्यावा, असा मोह बापाला झाला असता तरी जगाने तो समजून घेतला असता. संघाच्या गरजेपुढे रहीम यांनी घराचा विचार आणला नाही. सार्वजनिक संस्था चालविणाऱ्यांनी, मग ती क्रीडासंस्था असो वा वाचनालय, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

1962 चा जकार्ता येथील विजय हा रहीम यांच्या आयुष्याचा कळस. त्या वेळी त्यांच्या शरीरात कर्करोगाने घर केले होते. इंडोनेशियाने इस्रायल व तैवान यांना प्रवेश नाकारल्यावर भारताचे क्रीडाप्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला आणि तेथील लोकमत भारताविरुद्ध खवळले. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. संघाची सुरुवातही निराशाजनक झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने 2-0 असे हरविले. पुढे थायलंडवर 4-1 आणि जपानवर 2-0 असा विजय मिळाला. थायलंडविरुद्ध जर्नेलसिंग या बचावपटूच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले होते. रहीम यांनी त्याला विश्रांती देण्याऐवजी चक्क आघाडीवर खेळविले! उंच, निर्भय जर्नेलसिंग प्रतिस्पर्ध्यांच्या बचावफळीला भारी पडेल, हा त्यांचा हिशेब होता. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध 3-2 असा उपांत्य सामना जिंकून संघ अंतिम फेरीत आला.

4 सप्टेंबर 1962. सेनायन मैदानावर सुमारे एक लाख प्रेक्षक, आणि त्यांतील बहुतेक भारताची हुर्यो उडविणारे. समोर पुन्हा दक्षिण कोरिया. आदल्या रात्री रहीम यांनी आपल्या खेळाडूंकडे सुवर्णपदकाची भेट मागितली, असे पी. के. बॅनर्जी यांनी पुढे सांगितले. बॅनर्जी यांनी पहिला गोल केला, पाठोपाठ डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंगने दुसरा. कोरियाला अखेरीस एकच गोल करता आला. त्या विजयी संघात चुनी गोस्वामी नायक होते. हैदराबादचे बलराम आणि युसुफ खान होते. मधल्या फळीत गोव्यात जन्मलेला आणि मुंबईत वाढलेला फोर्चुनातो फ्रँको होता. ज्या मैदानावर आपल्या राष्ट्रगीताच्या वेळी गोंगाट झाला, तेथे पाकिस्तानच्या हॉकी खेळाडूंनी मात्र भारतीय संघाला प्रोत्साहन दिले, अशी आठवण त्या संघातील खेळाडूंनी नोंदविली आहे. आशियाई स्पर्धांतील फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला त्यानंतर पुन्हा मिळालेले नाही. 1960 नंतर ऑलिंपिकच्या फुटबॉल मैदानावरही भारत उतरू शकलेला नाही.

11 जून 1963 रोजी रहीम निवर्तले. वय अवघे त्रेपन्न वर्षांचे.

पित्याच्या पश्चात हकीम यांनी खेळाची सेवा सोडली नाही. भारतीय वायुदलात ते स्क्वॉड्रन लीडर या पदापर्यंत चढले. ते आंतरराष्ट्रीय पंच झाले. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या वेळी पी. के. बॅनर्जी यांचे साहाय्यक मार्गदर्शक झाले. मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्र संघाने त्यांच्या मार्गदर्शनाखाली 1998 साली ड्युरंड चषक जिंकला. 2017 साली त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. पित्याने ज्याला मैदानावर उतरविले नाही, त्याने आयुष्यभर इतरांना मैदानावर उतरविण्याचे काम केले. आणि हैदराबादहून निघालेल्या या दोन पिढ्यांच्या वाटचालीचा शेवट कलबुर्गीत व्हावा, हा दैवयोग म्हणायचा.

एवढा मोठा मार्गदर्शक गेल्यावर त्याची विद्या का टिकली नाही? राजाश्रय आटला, पोलीस संघाची भरती बदलली, उत्तम खेळाडू कलकत्त्याच्या क्लबांकडे ओढले गेले, अशी कारणे दिली जातात आणि ती खरीही आहेत. परंतु आणखी एक कारण वाचनालयाच्या व्यासपीठावरून सांगणे उचित होईल. रहीम यांची पद्धत आज कळते ती मुख्यतः त्यांच्या खेळाडूंच्या आठवणींतून. त्यांचा सराव कसा चाले, मुलांची निवड कशावरून होई, दुबळ्या पायाच्या स्पर्धेचे नियम नेमके कोणते, याचा तपशील त्या पिढीच्या तोंडीच राहिला. आणि ती पिढी गेली. पी. के. बॅनर्जी आणि चुनी गोस्वामी 2020 साली गेले, फ्रँको आणि हकीम 2021 साली, बलराम 2023 साली. 2024 साली रहीम यांच्या जीवनावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा पुष्कळांना हे नाव प्रथमच ऐकू आले. ज्या प्रांताच्या शाळामास्तराने आशिया खंड दोनदा जिंकला, त्या प्रांताच्या ग्रंथालयांत त्याच्यावर मराठीत किंवा कानडीत किती पुस्तके सापडतील, हा प्रश्न प्रत्येक सभासदाने कपाटासमोर उभे राहून स्वतःला विचारावा.

सीमाभागातील वाचनालयांनी आजवर भाषा जपली, आणि ती कठीण काळात जपली. आता त्यांनी स्मृती जपण्याचेही काम हाती घ्यावे. बीदर, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद, कलबुर्गी येथे शाळांच्या मैदानांवर आयुष्य घालविलेले किती तरी क्रीडाशिक्षक असतील. त्यांच्या हाताखालून गेलेली मुले आज आजोबा झाली आहेत. त्यांच्याकडे बसून, त्यांच्या बोलीत, मग ती मराठी असो, कानडी असो वा दखनी, त्या आठवणी लिहून घ्याव्यात. जुनी छायाचित्रे, सामन्यांची कात्रणे, प्रशस्तिपत्रे यांचा एक संग्रह वाचनालयात करावा. याला फार पैसा लागत नाही. एक वही, थोडा वेळ आणि पुष्कळशी आस्था लागते.

रहीमसाहेबांनी आपल्या मुलांना चेंडू अडवून ठेवू नका, वेळेवर पुढे द्या, असे शिकविले. शंभर वर्षे ग्रंथांची देवघेव करणाऱ्या संस्थेला या शिकवणीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. जे एका पिढीच्या हाती आहे ते दुसरीच्या हाती वेळेवर पोहोचावे, हेच तिचे व्रत आहे. ते पुढील शतकातही अखंड चालो, ही सदिच्छा.